विश्लेषण : मालिकेचा शेवट चाहते आधीच कसा ओळखतात?

(वाचकांसाठी सूचना : या लेखात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेचा शेवट उघड केला आहे.)

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता मेळघाटच्या जंगलातून वळणे घेत सेमाडोहला पोहोचतो, तोवर मोबाइलची रेंज अनेकदा साथ सोडते. सिपना नदीकाठच्या या गावात मुक्कामी जाणाऱ्याला मालिका पाहायचीच असेल, तर तिचे भाग परतवाड्यात किंवा अमरावतीतच उतरवून घेतलेले बरे. शेवटचे दोन भाग उतरवायचे राहिले, तर रेंजमध्ये परत येईपर्यंत करण्यासारखे एकच काम उरते. पुढे काय होणार, याचा अंदाज बांधायचा.

हाच खेळ जगभरातले लाखो लोक काही दिवस नव्हे, तर वीस-पंचवीस वर्षे खेळत आहेत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या कल्पनारम्य मालिकेचा शेवटचा भाग २० मे २०१९ रोजी, सोमवारी सकाळी साडेसहाला भारतात हॉटस्टारवर आला. त्याआधी सिंहासनावर कोण बसणार, कोण मरणार आणि कोण कुणाला मारणार, यावर गणिते मांडली गेली, संगणकाचे प्रारूप तयार झाले आणि परदेशांत पैजाही लागल्या. शेवट आल्यावर काही अंदाज तंतोतंत खरे ठरले, काही साफ फसले. गंमत अशी, की सर्वात मोठा अंदाज बरोबर येऊनही असंख्य चाहते संतापले. असे का झाले? चाहते अंदाज कशाच्या आधारे बांधतात? आणि प्रेक्षकाने शेवट ओळखला, तर लेखकाने तो बदलावा का?

अंदाजांचा खेळ कधी सुरू झाला?

मालिका १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली, पण अंदाज त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. अमेरिकी लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेवर ती आधारलेली आहे. पहिली कादंबरी १९९६ मध्ये आली. वेस्टेरॉस नावाचे काल्पनिक राज्य, त्याचे लोखंडी सिंहासन, त्यासाठी झगडणारी घराणी, उत्तरेकडून येणारे हिमप्रेतांचे संकट आणि समुद्रापलीकडे वाढणारे तीन ड्रॅगन, असा तिचा पसारा आहे.

या कथेत जॉन स्नो हा तरुण सरदार नेड स्टार्क यांचा अनौरस मुलगा म्हणून वाढतो. त्याची आई कोण, हे नेड कधीच सांगत नाहीत. पुस्तक येऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच इंटरनेटवरच्या वाचकांनी उत्तर शोधले होते. जॉन हा नेड यांचा मुलगाच नाही. त्यांची मृत बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार यांचा तो मुलगा आहे, असे ते उत्तर. आर अधिक एल बरोबर जे, अशा सूत्राने ते ओळखले जाऊ लागले.

या उत्तराचे वजन किती होते, हे नंतर कळले. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोघे कादंबरीवर मालिका करण्याची परवानगी मागायला मार्टिन यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी एक परीक्षेचा प्रश्न विचारला. जॉन स्नोची आई कोण? दोघांनी दिलेले उत्तर बरोबर निघाले. प्रेक्षकांना मात्र मालिकेने ते जून २०१६ मध्ये, सहाव्या पर्वाच्या अखेरीस दाखवले. म्हणजे वाचकांचा अंदाज पडद्यावर खरा ठरायला सुमारे १९ वर्षे लागली.

हे उत्तर मिळाले कसे?

मेळघाटात वाघ प्रत्यक्ष दिसणे नशिबाची गोष्ट असते. तो या भागात आहे हे कळते ते मागावरून. ओल्या मातीतला पंजा, झाडाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे, विष्ठा, माकडांची हाकाटी. एका ठशावरून जाणता माणूस काही ठरवत नाही. चार वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या, की वाघ कुठून कुठे गेला ते सांगता येते.

चाहत्यांचे चांगले अंदाज याच पद्धतीचे असतात. जॉनच्या बाबतीत चार खुणा होत्या. पहिली, नेड हा शब्दाला जागणारा माणूस. पत्नीशी प्रतारणा त्याच्या स्वभावात बसत नाही. दुसरी, मरणाऱ्या बहिणीला दिलेले कसले तरी वचन त्याला आयुष्यभर छळते, पण ते वचन काय हे पुस्तक सांगत नाही. तिसरी, बहिणीच्या प्रत्येक आठवणीत निळे गुलाब येतात आणि तेच गुलाब रेगारच्या कथेतही येतात. चौथी सर्वात बोलकी. लियाना ज्या बुरुजात मरण पावली, त्याच्या दाराशी राजाचे निवडक अंगरक्षक जिवावर उदार होऊन लढले. युद्ध संपत आले असताना राजघराण्याचे सर्वोत्तम योद्धे एका आडरानातल्या बुरुजापाशी कुणाचे रक्षण करत होते? राजवंशाचे बाळ आत असेल, तरच या प्रश्नाचे उत्तर जुळते.

यातली एकही खुणा एकटी पुरेशी नाही. चारही एकत्र ठेवल्या, की दुसरे उत्तर सापडत नाही.

मग चुकतात ते अंदाज कोणते?

भाकितांवर बांधलेले. कल्पनारम्य कथांत भाकिते भरपूर असतात आणि ती चाहत्यांना भुरळ घालतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये अंधाराचा अंत करणाऱ्या एका वीराचे भाकीत होते. तो वीर जॉनच, किंवा डेनेरिस ही ड्रॅगनची स्वामिनी, असे गृहीत धरून अनेकांनी शेवट लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात आठव्या पर्वाच्या तिसऱ्याच भागात हिमप्रेतांच्या राजाला जॉनची धाकटी बहीण आर्या हिने मारले आणि भाकीत तिथेच मागे पडले.

दुसरे उदाहरण राणी सर्सीचे. तिचा मृत्यू धाकट्या भावाच्या हातून होईल, असे भाकीत कादंबरीत आहे. त्यामुळे तिचा भाऊ जेमी किंवा टिरियन तिला मारणार, अशी पुस्तक वाचलेल्यांची खात्री होती. पण मालिकेने भाकिताचा प्रसंग दाखवताना नेमका हाच भाग गाळला होता. पडद्यावर सर्सी ढासळत्या राजवाड्याखाली जेमीच्या मिठीत मरण पावली. वाचकांचा तर्क चुकीचा नव्हता, त्यांनी माग दुसऱ्याच रानातला काढला होता. मालिकेचा अंदाज बांधताना मालिकेतल्याच खुणा पाहाव्या लागतात, हा त्यातला धडा.

संगणकाला शेवट ओळखता आला का?

हा प्रयत्नही झाला. जर्मनीतल्या म्युनिक तांत्रिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पात्रांची माहिती गोळा करून प्रत्येकाच्या मृत्यूची शक्यता सांगणारा प्रकल्प २०१६ मध्ये केला. त्यात बालराजा टॉमेन यादीत अगदी वर होता आणि त्याच वर्षी मालिकेत त्याचा मृत्यू झाला. प्रकल्पाचे कौतुक झाले.

२०१९ मध्ये शेवटच्या पर्वाआधी हाच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी भाडोत्री सैनिक ब्रॉन याच्या मृत्यूची शक्यता सर्वाधिक, ९३.५ टक्के सांगितली गेली. डेनेरिसच्या मृत्यूची शक्यता होती अवघी ०.९ टक्के. मालिका संपली तेव्हा ब्रॉन मंत्रिमंडळात बसला होता आणि डेनेरिस मरण पावली होती.

ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये वेगळा मार्ग धरला. साथीच्या रोगांचा अभ्यास ज्या पद्धतीने होतो, त्या पद्धतीने त्यांनी पहिल्या सात पर्वांतली ३३० पात्रे तपासली. त्यातली १८६, म्हणजे निम्म्याहून अधिक मेली होती. पडद्यावर आल्यापासून पहिल्या तासात मरण्याची शक्यता सुमारे १४ टक्के निघाली. पुरुष आणि सामान्य कुळातली पात्रे अधिक मरतात, बाजू बदलणारी पात्रे अधिक टिकतात, असेही दिसले. हा निष्कर्ष ब्रॉनला चपखल लागू पडला. पैसा मिळेल तिकडे जाणारा ब्रॉन शेवटपर्यंत टिकला.

आकडे अशा प्रकारे कल सांगतात, कथा सांगत नाहीत. डेनेरिस पहिल्या भागापासून केंद्रस्थानी होती, तिच्याकडे ड्रॅगन होते, सैन्य होते. आजवरच्या माहितीवरून पाहिले तर ती मरणार नाही, हे बरोबरच होते. पण लेखकाने तिला इतके उंच नेले ते कशासाठी, हा प्रश्न संगणकाला विचारलेला नव्हता.

शेवटी कोण बरोबर ठरले?

सिंहासनाच्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना आधीच सापडले होते. उंच मनोऱ्यावरून पडून अपंग झालेला आणि भूत-भविष्य पाहू शकणारा ब्रॅन स्टार्क राजा होईल, असे म्हणणारे चाहते होतेच. शेवटचा भाग येण्यापूर्वी परदेशातल्या पैजांच्या बाजारातही ब्रॅनचे नाव वर होते. ब्रॅन राजा होणे हे मूळ लेखकाच्याच मनातले होते, असे बेनिऑफ आणि वाइस यांनी आपल्याला सांगितल्याचे ही भूमिका करणाऱ्या अभिनेत्यानेही नंतर सांगितले.

डेनेरिस उलटेल, हेही काहींनी ओळखले होते. तिचे वडील ‘वेडा राजा’ म्हणून कुप्रसिद्ध होते, शत्रूला जाळून मारणे तिने आधीही केले होते, आणि ‘आग व रक्त’ हे तिच्या घराण्याचे ब्रीदच होते. माग जागोजाग होता. शेवटून दुसऱ्या भागात तिने शरण आलेले शहर ड्रॅगनच्या आगीत जाळले आणि अखेरच्या भागात जॉनने तिला ठार केले.

मग अंदाज बरोबर येऊनही राग कशाचा?

अमेरिकेत शेवटचा भाग त्या रात्री १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला. आठवे पर्व नव्या लेखकांकडून पुन्हा करून घ्यावे, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर १५ लाखांहून अधिक सह्या झाल्या. वाहिनीने ती मान्य केली नाही. त्याच वर्षी या पर्वाला सर्वोत्तम नाट्यमालिकेचे एमी पारितोषिकही मिळाले.

रागाचे मूळ ‘काय झाले’ यात कमी आणि ‘कसे झाले’ यात जास्त होते. सुरुवातीच्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग होते. सातव्यात सात उरले, आठव्यात सहा. डेनेरिससारख्या पात्राने मुक्तिदात्रीपासून संहारकापर्यंत जायचे, तर प्रेक्षकाला तिच्याबरोबर पायी चालू द्यायला हवे होते. मालिकेने त्याला गाडीत बसवून थेट मुक्कामाला नेले. शेवट तोच, पण वाट हरवली.

आणखी एक कारण प्रेक्षकाच्या बाजूचे आहे. अंदाज बांधणारा तटस्थ नसतो, त्याने कुणाची तरी बाजू घेतलेली असते. ‘खलिसी’ ही डेनेरिसची पदवी. अमेरिकेत २०१८ या एका वर्षात ५६० मुलींचे नाव खलिसी ठेवले गेले. पुढच्याच वर्षी पडद्यावरच्या खलिसीने शहर जाळले. त्या घरांत हा शेवट कसा पाहिला गेला असेल, याची कल्पना करता येते.

वऱ्हाडाला ही गोष्ट नवी नाही. रामायणाचा शेवट सर्वांना एकच माहीत आहे, पण मेळघाटातले कोरकू आदिवासी होळीनंतर उंच खांब उभारून रावणपुत्र मेघनाथाची पूजा करतात. अकोला जिल्ह्याच्या पातूर तालुक्यातल्या सांगोळा गावात रावणाच्या मूर्तीला मान आहे. ज्याचा पराभव कथेत ठरलेला आहे, त्याच्याही बाजूने कथा ऐकणारे लोक असतात. शेवट कुणाला जिंकवतो एवढ्याने त्यांचे समाधान ठरत नाही. आपल्या माणसाला कथेने न्यायाने वागवले का, हे ते पाहतात.

चाहत्यांनी ओळखले, तर लेखकाने शेवट बदलावा का?

या प्रश्नावर दोन वेगळी उत्तरे मिळाली आहेत. ‘वेस्टवर्ल्ड’ या विज्ञानकथेच्या मालिकेत २०१६ मध्ये एक मोठी कलाटणी होती. तरुण विल्यम आणि काळ्या कपड्यातला क्रूर म्हातारा ही दोन वेगवेगळ्या काळांतली एकच व्यक्ती आहे, हे चाहत्यांनी पर्व अर्ध्यावर येण्यापूर्वीच शोधले. दुसऱ्या पर्वाच्या तयारीत असताना निर्माते जोनाथन नोलन यांनी, एका भागातली कलाटणी रेडिट या संकेतस्थळावरच्या लोकांनी ओळखल्यामुळे आपण ती बदलत असल्याचे सांगितले होते.

मार्टिन यांचे उत्तर उलट आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये एडिनबरो पुस्तक महोत्सवात ते या विषयावर बोलले. काही वाचकांनी बारीक खुणा जुळवून बरोबर उत्तर काढले आहे, हे त्यांना ठाऊक होते. शेवट बदलावा का, हा विचार त्यांच्याही मनात आला. पण तो बदलणे घातक ठरेल, अशा निष्कर्षावर ते आले. कारण खुणा आधीच पेरलेल्या आहेत. आता उत्तर बदलले, तर त्या साऱ्या खुणा खोट्या ठरतील.

या उत्तरात मोठे तथ्य आहे. लेखकाने खुणा ठेवायच्या आणि वाचकाने त्या शोधायच्या, हा दोघांमधला न लिहिलेला करार असतो. शंभरातल्या पाच वाचकांनी उत्तर ओळखले, याचा अर्थ करार नीट पाळला गेला. कुणालाच ओळखता येऊ नये म्हणून ऐनवेळी वळण घेतले, तर धक्का बसतो, पण पुढच्या वेळी कुणी माग काढत नाही. काळजीपूर्वक वाचणाऱ्याला शिक्षा आणि वरवर पाहणाऱ्याला बक्षीस, असा तो व्यवहार होतो.

अंदाज आणि ‘फुटलेला’ भाग यात फरक काय?

फरक मोठा आहे, आणि त्याची एक घटना महाराष्ट्रातलीच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रसारणाआधीच इंटरनेटवर आला. त्याचा माग मुंबईत निघाला. भारतातल्या प्रसारणासाठी तांत्रिक काम करणाऱ्या एका कंपनीशी संबंधित चौघांना पोलिसांनी अटक केली.

चाहत्याच्या अंदाजात बुद्धी वापरलेली असते. तो चुकू शकतो आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला तो नाकारण्याची मुभा असते. फुटलेल्या भागात अशी मुभा नसते. २०१९ मध्ये शेवटच्या पर्वाचा तपशीलही काही मंचांवर आधीच फिरत होता. काही जण तो वाचून त्यालाच आपला ‘अंदाज’ म्हणत पुढे पाठवत होते. व्हॉट्सअॅप गटावर असा अंदाज आला आणि तो प्रसंगांच्या क्रमासह, संवादांच्या तपशिलासह असेल, तर तो बहुधा अंदाज नसतो. दूरच्या गावातून, उतरवलेले भाग सवडीने पाहणाऱ्या माणसाला याचा फटका सर्वात जास्त बसतो. रेंजमध्ये आल्याबरोबर त्याच्या फोनवर भागाआधी शेवट येऊन पडतो.

प्रेक्षकांच्या दबावाने शेवट बदलल्याचे उदाहरण आहे का?

भारतात आहे, पण ते कल्पनारम्य नव्हे, पौराणिक मालिकेचे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ ला रामराज्याभिषेकापाशी थांबले. सागर यांना तिथेच थांबायचे होते. मात्र वाल्मीकींना आपले मानणाऱ्या सफाई कामगारांनी उत्तर भारतात काही शहरांत संप केला. लव-कुशांची कथा आणि तिच्यातले वाल्मीकी दाखवल्याशिवाय रामायण पूर्ण कसे होईल, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारला दखल घ्यावी लागली आणि ऑक्टोबर १९८८ पासून ‘लव-कुश’च्या कथेचे भाग दाखवले गेले.

इथे पुढे काय होणार हा प्रश्न नव्हता, कथा कुठे थांबणार हा होता. प्रेक्षकांनी नवा शेवट मागितला नाही, राहिलेला मागितला. त्यात त्यांचा स्वतःचा सन्मान गुंतलेला होता. सह्यांच्या अर्जापेक्षा हा दबाव म्हणूनच वेगळा ठरला.

शेवट आधी कळला, तर मजा जाते का?

संशोधकांचे यावर एकमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये १२ कथा वापरून प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा उलट जास्त आवडल्याचे त्यांना आढळले. २०१५ मध्ये दुसऱ्या दोन अभ्यासकांना याच्या विरुद्ध निष्कर्ष मिळाला. शेवट ठाऊक नसलेल्यांना कथा अधिक भिडली आणि अधिक रंजक वाटली.

मराठी प्रेक्षकाने याचे एक उत्तर आपल्या परीने दिलेले आहे. ‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व २०१६ मध्ये झी मराठीवर आले. त्याची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली आणि वाड्यात हे कोण करते आहे, यावर घरोघर तर्क लढवले गेले. २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते काळात मागे जाणारे, अण्णा जिवंत असतानाचे. अण्णांचा शेवट प्रत्येकाला ठाऊक होता, तरी अण्णा आणि शेवंता यांची ही कथा लोकांनी उचलून धरली. पहिल्या पर्वात प्रश्न ‘कोण’ असा होता, दुसऱ्यात तो ‘इथवर कसे’ असा झाला.

सेमाडोहच्या वर, डोंगरमाथ्यावरचे चिखलदरा तर नावातच शेवट घेऊन उभे आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे पुढे चिखलदरा झाले, अशी आख्यायिका आहे. कीचक मरतो हे ऐकणाऱ्या पोरालाही माहीत असते. तरी सांगणारा द्रौपदीच्या अपमानापासून सुरुवात करतो आणि भीम अंधारात वाट पाहत बसतो तिथे आवाज खाली आणतो. कीर्तनात, दंडारीत, सप्ताहात ऐकलेल्या बहुतेक कथा अशाच असतात. शेवट सर्वांचा, सांगणे ज्याचे त्याचे.

आता चाहते कशाचे अंदाज बांधत आहेत?

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही त्याच जगातली, पण सुमारे दोनशे वर्षे आधीची कथा सांगणारी मालिका ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा आधार असलेले मार्टिन यांचे पुस्तक २०१८ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. कोण मरणार आणि गादीवर कोण येणार, हे त्यात छापलेले आहे. त्यामुळे चाहत्यांचे अंदाज आता ‘काय’वरून ‘कसे’वर सरकले आहेत. पुस्तकातला कोणता प्रसंग मालिका बदलेल, कुणाच्या नजरेतून दाखवेल, यावर चर्चा होते.

मूळ कादंबरीमाला मात्र अजून अपूर्ण आहे. पाचवे पुस्तक जुलै २०११ मध्ये आले आणि सहाव्याची प्रतीक्षा त्यानंतर सुरूच राहिली. मार्टिन लेखकांचे दोन प्रकार सांगतात. आधी संपूर्ण आराखडा काढून बांधणारे वास्तुरचनाकार आणि बी पेरून ते कसे वाढते ते पाहणारे माळी. स्वतःला ते माळी म्हणवतात. म्हणूनच मालिकेत ब्रॅन राजा झाला, तरी पुस्तकात तो तिथवर कोणत्या वाटेने पोहोचेल, याचे अंदाज आजही बांधले जातात.

तुमचा अंदाज भक्कम आहे का, हे कसे ओळखावे?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्याला आधार देणाऱ्या खुणा किमान तीन आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत का? एकाच संवादावर उभा असलेला अंदाज बहुधा कोसळतो. दुसरा, ज्या खुणा त्याच्या विरोधात जातात, त्या तुम्ही मोजल्या का? चाहते हमखास चुकतात ते इथे, कारण लाडक्या पात्राविरुद्धची खूण डोळ्याआड होते. तिसरा, हा शेवट झाला तर आधीची कथा पुन्हा पाहताना अधिक अर्थपूर्ण वाटेल का? वाटत असेल, तर अंदाज चुकला तरी वेळ वाया गेलेला नाही. त्या निमित्ताने कथा पुन्हा एकदा बारकाईने पाहून झालेली असते.

उत्तर बरोबर आले आणि समोरच्याने तो भाग अजून पाहिलेला नसेल, तर ते त्याला त्याच्या सवडीने सापडू द्यावे. तो कदाचित अजून सेमाडोहच्या घाटात असेल.